बंधाऱ्याचं वय आणि आमची सनद

असं जवळ सरका बरं. पुस्तक हातभर लांब धरून काहून वाचून राहिलात? चष्मा कुठे ठेवला? फ्रिजवर पाहा, माझा तिथेच सापडतो. आणि गॅसवर काही असेल तर आधी बंद करून या, भाजी करपली की बोल मला लागेल.

तुमच्यावर माझा जरा रागच आहे. तुम्ही नागपूर-पुण्याकडची माणसं जबलपूरला येता, धुआँधारसमोर ओले होऊन फोटो काढता, भेडाघाटच्या दुकानातला संगमरवरी गणपती घासाघीस करून घेता आणि घरी जाऊन सांगता, जबलपूर पाहिलं. काय पाहिलं? कुंडमच्या रस्त्याला लागलात तर थोड्या वेळाने एक लहानशी नदी येते. पूल येतो, पूल जातो, तुम्ही मोबाइलमधून मान वर काढत नाही. काढली असती तर खाली उजव्या हाताला एक दगडी बंधारा दिसला असता. इकडे त्याला बंधान म्हणतात. काळा, बुटका, या काठापासून त्या काठापर्यंत आडवा पडलेला, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा. पावसाळ्यात नदी त्याच्या पाठीवरून जाते, बाकीचं वर्ष तो तिला अडवून धरतो. त्याच्या एका टोकापासून पाट निघतो आणि शेताशेतांतून जाऊन एका तलावाला मिळतो. तलावात शिंगाडे होतात. झालं, एवढंच. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही हे मलाही कबूल आहे. म्हणूनच तर तो तोडायचं ठरलं.

माझं म्हणाल तर मी जबलपुरातच, अधारतालला राहते. सातवीपर्यंत शाळा, मग लग्न. पुढे जे शिकले ते किराण्याच्या पुड्या सोडवून, दवाखान्यातली फाटकी मासिकं वाचून आणि लोकांना प्रश्न विचारून विचारून. लिहितेही बोलल्यासारखंच, मला दुसरं येत नाही. सासरची माणसं भोसल्यांच्या अमलात इकडे चाकरीला आली आणि नर्मदेचं पाणी पिऊन इथलीच झाली, फक्त मान्य करत नाहीत. घरात ‘अच्छा, चलो’ म्हणतात आणि इथल्या मराठी मंडळाच्या सभेत शिरले की एकदम पुण्याचे होतात.

आणि शिंगाडेवाली. तिचा तो तलाव. तिचा म्हणजे ठेक्याने घेतलेला, पण तिची सासू, तिच्या सासूची सासू, सगळ्या त्याच पाण्यात वाकल्या. कार्तिक लागला की डोक्यावर टोपली घेऊन ती माझ्या दारात येते, तीसेक वर्षं झाली असतील. आम्ही दोघी बहुतेक एका वयाच्या. बहुतेक म्हणते, कारण तिचं वय कुणी लिहिलंच नाही आणि माझं शाळेच्या मास्तरांनी माझी उंची पाहून लिहिलं. ती हिंदीत बोलते, मी मराठीत सुरू करून हिंदीत संपवते, आणि मधल्या मध्ये आमचं सगळं बोलून होतं.

तर गेल्या वर्षीचा पितृपक्ष. पाऊस लवकर उठला होता. शिंगाडेवाली सकाळीच आली, रिकाम्या हातांनी, आणि ओट्यावर बसून राहिली. मी चहा ठेवला. मग म्हणाली,

“दीदी, तलैया खाली हो रई है.”

झालं होतं असं. नदीकाठी चौपाटी होणार होती. रंगीत दिव्यांचं कारंजं, फिरायला फरशीचा रस्ता आणि एक सेल्फी पॉइंट, जिथे या शहरावरचं आपलं प्रेम पुरुषभर उंच इंग्रजी अक्षरांत उभं राहणार होतं. बंधारा मध्ये येत होता, तो काढायचा. त्याची एक सभा झाली होती, तिला मी हजर होते, समोसाही खाल्ला होता. पाणी अडवणारी वस्तूच काढली तर लोकांनी काठावर बसून पाहायचं काय, असं एका म्हाताऱ्याने विचारलं. ठेकेदाराच्या माणसाने अगदी गंभीर तोंडाने सांगितलं, काळजी नको, उद्घाटनाला टँकरने भरू. कुणी हसलं नाही. बंधाऱ्याचे दगड मात्र वाया जाणार नव्हते बरं का. ते सेल्फी पॉइंटच्या भिंतीला लावायचे होते, ‘हेरिटेज लुक’ यावा म्हणून. म्हणजे सासूला घराबाहेर काढायचं आणि तिच्या लुगड्याची गोधडी पाहुण्यांना दाखवायची, ही आमची परंपरा म्हणून.

मशीन नदीत उतरवायला त्यांनी उतार केला, तो नेमका पाटाच्या तोंडावर. तिथे एक दगडी उंबरा होता. त्याच्यामुळे तलावात गेलेलं पाणी परत फिरत नसे. एका सकाळी तो उंबरा गेला आणि तलाव उलटा वाहू लागला. शिंगाड्याच्या वेलाला पाणी असं धरून लागतं, तो पाण्यावरच तरंगतो. पाणी गेलं की चिखलात बसतो आणि बसला की संपला. शिंगाडेवालीने हात गुडघ्याला लावून दाखवलं, कालपर्यंत इथे होतं. मग घोट्याला लावला. हे आजचं. तिच्याकडे दुसरं पीक नाही, दुसरी जमीन नाही, तो तलाव गेला की घरातली दोन्ही मुलं ईंटभट्टीवर.

मी म्हटलं, मी काय करू बाई, मी का कलेक्टर आहे? तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

“तुम्हारे घर में कागज है ना, बंधान का?”

आमची सनद. ती सगळ्या गावाला माहीत होती, माझ्या सासूने दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाला सोडलं नव्हतं. आमच्या मूळपुरुषाने तो बंधारा बांधला आणि सुभेदाराने खूश होऊन सनद दिली, असं आमच्यात सांगतात. एक तांबूस पडलेला कागद, मोडीत लिहिलेला, पत्र्याच्या नळीत. दर दसऱ्याला तो पाटावर ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, वर आपट्याचं पान. लग्न होऊन आले त्या पहिल्या दसऱ्यापासून मी हे करत आले. आमच्या घरात ज्यांना मोडी येत होती ती माणसं कधीच वर गेलेली, त्यामुळे भक्तीत अडथळा नव्हता.

इथे दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या, त्या नीट सांगते. शंभर वर्षांहून जुनं काही असेल तर तोडण्याआधी त्याची पाहणी करावी लागते, असं सरकारी दफ्तरातून कळलं होतं. म्हणजे वय सिद्ध झालं की बंधारा वाचेल. पण दफ्तरात बंधाऱ्याचं वय आधीच लिहिलेलं होतं. मागे कधीतरी खात्याने त्याच्या डोक्यावर सिमेंटची टोपी घातली होती, एका मंत्र्याने फीत कापली होती आणि पाटी बसवली होती. पाटीवर तारीख. बस, तीच जन्मतारीख. या हिशोबाने आमच्या गल्लीतला मारुती परवाच जन्मला, नगरसेवकाने त्याला शेंदूर दिला तेव्हा.

दुसरी गोष्ट आमच्या मंडळाची. माझे धाकटे दीर राइट टाउनला राहतात, मंडळाचे अध्यक्ष आहेत, वर्षानुवर्षं बिनविरोध, कारण दुसरं कुणी हो म्हणत नाही. त्यांना बंधाऱ्याची बातमी लागली. बंधारा वाचावा असं त्यांनाही वाटत होतं, तो कसा दिसतो ते माहीत नव्हतं इतकंच. त्यांनी अर्ज केला, की सदर बंधारा मराठ्यांनी बांधला असून आमच्याच पूर्वजांनी बांधला असून सबब तो ऐतिहासिक आहे. सोबत सनदेची झेरॉक्स. दुसऱ्या एका समितीने हे ऐकलं आणि तिचं रक्त उसळलं. तिने अर्ज केला, की बंधारा गोंड राजांचा असून मराठ्यांनी त्याला हातही लावलेला नाही. मग दोन्हीकडून पत्रकं निघाली, दोन्हीकडून मोर्चाची भाषा झाली, एका सभेत तर दोन निवृत्त मास्तर एकमेकांच्या छत्र्या ओढून राहिले होते. बंधाऱ्यावर मात्र कुणी गेलं नव्हतं. तिथे रस्त्यावरून उतरावं लागतं, चिखल आहे.

दफ्तरातल्या बाबूने दोन्ही अर्ज एकाच दोरीने बांधले आणि वर लिहिलं, ‘काल विवादित’. काल म्हणजे काळ, विवादित म्हणजे ठरलेला नाही. ठरलेला नाही म्हणजे पुरावा नाही. ज्यावर वाद नव्हता अशी एकच वस्तू उरली, मंत्र्याची पाटी. काय डोकं आहे पाहा. आम्ही दोघांनी मिळून त्या बंधाऱ्याची अडीच-तीनशे वर्षं एका दोरीत गुंडाळून दिली.

आणि आता माझी लाज सांगते. ती झेरॉक्स मीच काढून दिली होती, आणि कागदात काय आहे ते मला माहीत होतं.

हे गेल्यावर घर रिकामं झालं, तेव्हा मी मोडी शिकले. नागपूरहून एक पातळ पुस्तक मागवलं, पोळ्या झाल्या की ओट्याच्या कोपऱ्यावर पाटी घेऊन बसायची. तीन हिवाळे गेले. मोडीत अक्षर अक्षराचा हात सोडत नाही, सगळी एकमेकांना धरून पळतात, सासरच्या माणसांसारखी. पण एक दिवस सनद उघडली आणि ती वाचता आली. पूर्ण. तिच्यात मूळपुरुष लिहितात, की गोंडांच्या वेळच्या जुन्या बांधाचे पाच चिरे पुरात सुटोन काठास पडिले होते, ते बेवारस समजोन आपले घरचे जोत्यास आणविले, चूक जाहली, दोन चिरे जोत्यात बसले ते निघत नाहीत, तीन माघारे देतो, पुढे ऐसे होणार नाही, कृपा असावी.

सनद कसली, माफीनामा. दगड चोरल्याचा. आणि त्याला आम्ही पिढ्यानपिढ्या हळदकुंकू वाहून राहिलो होतो.

तुम्ही विचाराल, मग मी काय केलं? कागद गुंडाळून नळीत घातला आणि त्या दसऱ्याला पुन्हा पाटावर ठेवला. खोटं कशाला बोलू? जावा, दीर, सुना, सगळे जमलेले, पुरणाचा वास सुटलेला. त्यात कुठे सांगत बसता की बाबांनो, नमस्कार करताय तो चोरीच्या कबुलीला. पुढच्या दसऱ्यालाही नाही सांगितलं. त्याच्या पुढच्याही नाही. भाऊजींनी झेरॉक्स मागितली तेव्हा मनात आलं होतं, पण म्हटलं, जाऊ दे, दफ्तरात कोण मोडी वाचतो. मोठ्या घराण्याची सून म्हणून मिरवायची मलाही सवय झाली होती. भाजीवाला दोन मिरच्या जास्त टाकायचा.

शिंगाडेवालीने कागदाचं विचारलं तेव्हा मी तिला म्हटलं, बघते. आणि तिच्याबरोबर बंधारा पाहायला गेले. पहिल्यांदा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला काय तोंड आहे तुम्हाला रागवायला.

तिथे एक मुलगी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभी होती. जुनी पाण्याची कामं शिकते ती, कॉलेजातून आली होती, कुणी पाठवलं नव्हतं. घरची मराठी, पण बोलताना हिंदीतून फिरून यायची. तिने मला हाताला धरून पुऱ्या बंधाऱ्यावरून चालवलं, आणि चालता चालता त्याचं वय कसं वाचायचं ते सांगितलं. वरची सिमेंटची टोपी सोडून द्या, ती कालची. तिच्याखाली पातळ विटांची डागडुजी. त्याच्याखाली चुन्यातले दगड. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा रस घालत, म्हणाली, आणि नखाने उकरून एक काळा कण काढून दाखवला. चुना भाजताना लाकडाचा कोळसा त्यात राहून जातो. तो कण प्रयोगशाळेत दिला की ते लाकूड कधी तोडलं ते कळतं. तिने कण दिलेही होते, पण निकालाला महिने लागणार आणि मशीन मंगळवारनंतर कधीही. आणि सगळ्यात खाली, पाण्याच्या रेषेवर, मोठे घडीव चिरे, ज्यांना चुनाच नाही. दोन चिऱ्यांच्या मधोमध डमरूसारखी खाच कोरलेली, अर्धी या दगडात, अर्धी त्या दगडात. तिच्यात लोखंडाची चाप बसवून दगड एकमेकांना जखडलेले.

मी त्या खाचेकडे पाहत राहिले. अर्धा डमरू. तिच्यात बोटं घातली आणि बोटांना ती ओळखीची लागली. आमच्या मागच्या अंगणात कपडे धुवायचा दगड आहे. जुनं घर पाडलं तेव्हा जोत्यातून निघाला, चांगला सपाट म्हणून नवऱ्याने इकडे आणून टाकला. त्याच्या एका कडेला अशीच खाच आहे. मी तिच्यात साबण ठेवते. तीस वर्षं झाली.

मी तिथेच चिखलात बसले. मुलगी घाबरली, तिला वाटलं चक्कर आली. मी म्हटलं, चक्कर नाही ग पोट्टे, पूर्वज आले. आणि सगळं सांगितलं, माफीनामा, दसरा, झेरॉक्स, साबण. ती आधी हसली, मग म्हणाली की आजी, कागदाच्या वर सन लिहिलेला असेल. होता. तिने तिथेच मोबाइलवर हिशोब लावला. दोनशे वर्षांच्या वर. आणि त्या काळी जो बांध जुना, तो म्हणजे मंत्र्याच्या पाटीचा आजोबा नाही, खापरपणजोबा.

शिंगाडेवाली बाजूला बसून ऐकत होती. तिला एवढं मराठी कळत नाही असं मला वाटायचं. तिला सगळं कळलं होतं.

“तुम लोगों के झगड़े में बंधान को कोई पूछ रओ है का?” ती म्हणाली. “कागज पढ़ दो, दीदी. जो लिखो है, सो पढ़ दो.”

घरी येऊन मी भाऊजींना फोन केला. म्हटलं, मंगळवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या जनसुनवाईत मी सनद वाचून दाखवणार आहे, खरी. ते अर्ध्या तासात स्कूटरवर हजर. दारातूनच सुरू झाले, आणि जे बोलले ते सगळं लिहीत नाही, वयाने लहान आहेत. थोडक्यात, वाचायचं तर वाचा पण ‘जुन्या बांधाचे’ एवढंच वाचा, चिऱ्यांचं कशाला. मी विचारलं, मग मधलं खोकून घालवू का? म्हणाले, मंडळाची अब्रू आहे. म्हणाले, त्या दुसऱ्या समितीवाल्यांना आयतं कोलीत मिळेल. मी म्हटलं, त्यांचंच खरं निघालं आहे, भाऊजी, बंधारा गोंडांचा आहे. त्यावर ते एवढे दुखावले, जसं काही त्यांनी स्वतः दगड वाहिले होते आणि मी श्रेय हिसकावलं. मग शेवटचं अस्त्र काढलं.

“वहिनी, पितृपक्ष चालू आहे. पितरांच्या पंधरवड्यात पितराला चोर म्हणणार तुम्ही?”

हे मला लागलं. खरंच लागलं. दोन दिवसांपूर्वीच मी खीर-वडे करून कावळ्याला ठेवले होते. पण मग म्हटलं, त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं, चूक जाहली. भर दरबारात लाज सोडून लिहून दिलं. खोटं तर आपण बोलून राहिलो, तेही त्याच्या नावाने. त्याला चोर मी नाही म्हणत, मी त्याला खरा माणूस म्हणते, आपल्या अख्ख्या वंशावळीत मला एकच सापडला. आणि भाऊजी, मंडळाच्या नवरात्रात शिंगाड्याच्या पिठाचा शिरा असतो, दोन दोन वाट्या खाता, तो काय पुण्याहून येतो?

ते चहा न घेता गेले. आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

मंगळवारी गेलो. मी, मुलगी, शिंगाडेवाली आणि रिक्षात आमच्या पायांशी तो कपडे धुवायचा दगड. तो उतरवायला चार माणसं लागली, गेटवरच्या शिपायाने विचारलं, यह क्या है अम्मा. मी म्हटलं, कागज है. आत ही गर्दी, कुणाची पेन्शन अडलेली, कुणाची नाली तुंबलेली. मंडळाचे लोक एका बाकावर, समितीचे दुसऱ्या, दोन्हीकडे छत्र्या. आमचा नंबर आला. साहेब तरुण होते, जागरणाने डोळे लाल, पण ऐकायची तयारी होती, हे सांगितलं पाहिजे. बाबूने फाईल काढली आणि वाचून दाखवलं, काल विवादित.

मी म्हटलं, साहेब, त्याच फाईलमध्ये एक झेरॉक्स आहे, तुमच्याकडे सहा आठवडे पडून आहे, कुणी वाचली नाही, आता मी वाचते. आणि वाचली. एक ओळ मोडीतली, मग तीच हिंदीत. गोंडांच्या वेळच्या जुन्या बांधाला आले तेव्हा समितीच्या बाकावर टाळी पडली. बेवारस समजोन घरी आणविलेपर्यंत आले तेव्हा ती टाळी दुप्पट झाली. आमच्या बाकावर भाऊजी छताच्या पंख्याकडे पाहून राहिले होते. मग मुलीने फोटो ठेवले, बंधाऱ्यावरच्या खाचेचा आणि दगडावरच्या खाचेचा, मापासकट. साहेब स्वतः उठून बाहेर व्हरांड्यात दगड पाहायला आले. खाचेत साबणाचा थर होता, तो मी पदराने पुसला.

तेवढ्यात बाबूला कर्तव्य आठवलं. त्याने पेन उघडलं आणि मला विचारलं, म्हणजे तुमच्या कुटुंबाने शासकीय संपत्तीची चोरी केली हे तुम्ही मान्य करता? लिहून घेऊ?

मी म्हटलं, “हओ, लिखिए. हमने चुराया. अब आप भी लिखिए कि जो चुराया, वह तब भी पुराना था.”

साहेबांनी बाबूकडे पाहिलं. बाबूने लिहिलं.

आदेश असा निघाला, की पाहणी होईपर्यंत बंधाऱ्याला हात लावू नये आणि पाटाचं तोंड पूर्ववत करावं. पूर्ववत करायला ठेकेदाराचा माणूस आलाच नाही. दोन दिवस वाट पाहून शिंगाडेवालीच्या वस्तीने रेतीच्या गोण्या भरून तोंड बांधलं. मुलगी त्यांच्यात होती, मी काठावरून सूचना देऊन राहिले होते, ज्या कुणी ऐकल्या नाहीत. मशीनवाला काही वेळ पाहत उभा राहिला आणि म्हणाला, काय बड्डे (इकडे कुणालाही बड्डे म्हणतात, दादा म्हटल्यासारखं), इतनी पुरानी चीज थी, पहले बताना था. खरं आहे त्याचं. पहिल्यांदा मीच सांगायला हवं होतं. सहा आठवडे आधी सांगितलं असतं तर उंबरा फुटलाच नसता.

ते मी विसरत नाही, कारण अर्धं पीक गेलं. काठाकडचे वेल चिखलात बसले ते उठले नाहीत. मधलं पाणी टिकलं तेवढ्यावर तिने कसंबसं वर्ष काढलं. थोरला मुलगा ईंटभट्टीवर गेलाच. धाकटा राहिला, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पोटावर पडून शिंगाडे तोडतो. ती मला कधी काही बोलली नाही. कार्तिकात टोपली घेऊन आली तेव्हा अर्धीच भरलेली होती.

दगड मी घरी आणला नाही. मला तो बंधाऱ्यात परत बसवायचा होता, मुलगी ओरडली, आजी, असं मनाने बसवायचं नाही, मग तीही एक खोटी पाटीच. त्याला नंबर दिला आहे, बंधाऱ्याच्या काठावर ठेवला आहे. कपडे आता बादलीत धुते, कंबर धरते.

मंडळाचं विचाराल तर तीन महिने माझ्याशी कुणी बोललं नाही. संक्रांतीला तिळगूळ आला तोही शेजारणीच्या हाती. मग पेपरात बातमी आली, थोडं कौतुक छापून आलं, आणि आमचे भाऊजी जागे झाले. आता मंडळाच्या भाषणात ते सांगतात, की चूक कबूल करणं ही आपल्या समाजाची दोनशे वर्षांची परंपरा आहे आणि तिचा लेखी पुरावा आमच्या घरात आहे. यंदा दसऱ्याला माफीनाम्याची मंडळात जाहीर पूजा करायची म्हणून मागायला आले होते. मी म्हटलं, न्या, पण पूजेआधी मोठ्याने वाचायचा, पूर्ण. विचार करून सांगतो म्हणाले. त्या दुसऱ्या समितीनेही पत्रक काढलं, बंधारा गोंडांचाच हे सिद्ध झालं, विजय असो. विजयानंतर त्यांच्यातलंही कुणी बंधाऱ्यावर आलेलं नाही. चिखल आहे ना.

आणि पाहणी? ती व्हायची आहे. वर्ष होऊन गेलं. साहेबांची बदली झाली, नवीन साहेबांना फाईल अजून दाखवायची आहे, कोळशाचा निकाल अजून आला नाही. चौपाटीचा फलक तिथेच उभा आहे, कारंज्याच्या चित्रासकट, नुसती तारीख खोडली आहे. आदेशात शेवटी दोन शब्द आहेत, ‘पुढील आदेशापर्यंत’. मी मोडी शिकले, हे दोन शब्द तर सरळ देवनागरीत आहेत, पण त्यांचा अर्थ मला कुणी नीट लावून देत नाही. ते उद्या सकाळीही संपू शकतात.

म्हणून सांगते, दिवाळी झाली की या. कार्तिकात तलाव हिरवागार होतो, शिंगाडेवाली पाण्यातच उभी असते, कच्चे शिंगाडे सोलून हातावर ठेवेल, गोड असतात. रस्त्यावरून खाली उतरायला मी हात देईन, चिखलाचं काही नाही, घरी पाय धुवायला गरम पाणी देते. पुलावरून पाहून जाऊ नका. आणि पुढच्या वर्षी बघू असं म्हणू नका, याच वर्षी या.